समुपदेशकाचा हिशेब



गणिताच्या शिक्षकाने वर्षभर काय केलं, ते निकालपत्रावर दिसतं. समुपदेशकाचं काम मात्र बंद दाराआड चालतं. मूल रडत आत येतं, अर्ध्या तासाने डोळे पुसून वर्गात जातं. हे कुठल्या वहीत मांडायचं?

अमेरिकेतल्या शाळांना हा प्रश्न चुकवता आला नाही. १९५७ साली सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक उपग्रह आकाशात गेला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने शिक्षणाचा नवा कायदा केला. हुशार मुलं हेरून त्यांना विज्ञानाकडे वळवायचं होतं. त्या कायद्याने दिलेल्या पैशातून शाळाशाळांत समुपदेशक वाढले. पुढे २००२ मध्ये आणखी एक कायदा आला आणि शाळांकडे निकालाचा जाब मागितला जाऊ लागला. समुपदेशकांचं ठरलेलं उत्तर असे, ‘एवढी मुलं भेटली, एवढे तास दिले.’ त्यांच्याच राष्ट्रीय संघटनेने २००३ साली कामाचा आराखडा काढला आणि प्रश्न फिरवला. तुम्ही काय केलंत ते असू द्या, मुलांत फरक काय पडला?

हे प्रत्यक्षात कसं चालतं? गैरहजेरीचंच घ्या. शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के दिवस बुडाले, की तिथे ती काळजीची गैरहजेरी मानतात. वर्ष साधारण १८० दिवसांचं, म्हणजे १८ दिवस. महिन्याला दोन! कुणाच्या डोळ्यांवरही येत नाहीत.

समजा, एका शाळेत अशी वीस मुलं निघाली. समुपदेशिकेने प्रत्येक नावापुढे बुडालेले वार लिहिले, तर सात जणांपुढे सोमवारच सोमवार. हळूच विचारल्यावर कळलं, सोमवारी पहिला तास खेळाचा, आणि कपडे बदलायच्या खोलीत त्यांची टिंगल होते. आता या मुलांना नियमितपणावर व्याख्यान देऊन काय होणार? त्या खोलीबाहेर एक मोठं माणूस उभं राहायला हवं, आणि टिंगल करणाऱ्यांशीही बोलायला हवं. तीन महिन्यांनी पुन्हा सोमवार मोजायचे. कमी झाले नसतील, तर तेही लिहायचं आणि उपाय बदलायचा.

आकड्यांना पथ्यंही आहेत. हजेरी वाढली ती आपल्यामुळे, की तापाची साथ ओसरली म्हणून, हे बाकीच्या मुलांची हजेरी शेजारी ठेवून पाहावं लागतं. आणि सातच मुलं असतील, तर नाव न घेताही गाव ओळखतं. तेव्हा खोलीतली गोष्ट खोलीतच राहिली पाहिजे.

मला या हिशेबाची दुसरी बाजू, म्हणजे समुपदेशकाचा वेळ कुठे जातो ती, जास्त मोलाची वाटते. समुपदेशकांची ती राष्ट्रीय संघटना सांगते, एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत आणि त्याचा ८० टक्के वेळ विद्यार्थ्यांच्या कामी लागावा. मग समुपदेशिका आपल्या वेळेची नोंद मुख्याध्यापकांपुढे ठेवते: परीक्षेच्या पेपरांची बांधाबांध इतके तास, जेवणाच्या सुट्टीतली राखण इतके तास. आता जाब कुणी द्यायचा? हिशेबाची वही उघडली की ती दोघांनाही वाचावी लागते.

हजेरीपट आपल्याकडेही रोज भरला जातो. महिनाअखेरीस बेरीज होते, वर पाठवली जाते. त्या बेरजेत सोमवार कुठे दिसत नाही. तो पाहायचा, तर पट आडवा नाही, उभा वाचावा लागतो.