काळीज नेमकं कुठं दुखतं?

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

आम्हा कवींनी काळजाची फार ओढाताण केली आहे. मराठीत प्रेमात काळीज धडधडतं, दुःखात त्याला घरं पडतात. उर्दूत हीच हमाली जिगरकडून करून घेतात. पण मटणाच्या दुकानात जाऊन काळीज मागा, खाटीक तुमच्या हातात यकृत ठेवतो! हृदयाला तो ‘दिल’ म्हणतो. कवितेत ही गफलत खपते. दवाखान्यात खपत नाही. छातीत किंवा पाठीत दुखू लागलं तर डॉक्टरकडे कधी जावं, आणि गेल्यावर काय सांगावं, हा आजचा विषय.

मी डॉक्टर नव्हे, साधा बी. ए. झालेला माणूस. डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षं जे सांगत आली, तेच माझ्या भाषेत सांगणार आहे. शब्दांपुरता मात्र माझा थोडा अधिकार आहे. कळ, चमक, उसण, ठणका, जळजळ, टोचणी. प्रत्येक दुखण्याची चाल वेगळी. इब्न सिनानं हजार वर्षांपूर्वी वैद्यकावर दीर्घ काव्य लिहिलं, आणि आपल्या मोठ्या ग्रंथात वेदनेचे 15 प्रकार सांगितले. 1975 मध्ये कॅनडातल्या रोनाल्ड मेलझॅक यांनी वेदनेच्या 78 शब्दांची प्रश्नावलीच तयार केली. आणि आपण? छातीत काहीही झालं की एकच शब्द: ‘गॅस झालाय’.

खरी अडचण अशी की हृदयाचं दुखणं पुष्कळदा दुखतच नाही. माणूस म्हणतो, ‘दुखत नाही हो, नुसतं दडपल्यासारखं वाटतंय.’ कुणाला छातीवर पोतं ठेवल्यासारखं वाटतं, कुणाला पट्टा आवळल्यासारखं. विल्यम हेबर्डेन या इंग्रज वैद्यानं 1772 मध्ये या दुखण्याचं वर्णन छापलं आणि त्याला अंजायना हे नाव दिलं. त्या शब्दाच्या मुळाशी गळा आवळणं हाच अर्थ आहे. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर येतं, उभं राहिलं की जातं, ही त्यानं टिपलेली खूण आजही कामाची आहे. जिना चढताना छाती भरून येते आणि थांबल्यावर मोकळी होते, असं होत असेल तर लगेच तपासून घ्या. पुढच्या सुट्टीची वाट पाहू नका. बसल्या जागी येऊ लागलं किंवा वाढत चाललं, तर तो तातडीचा मामला.

हृदयाकडून येणाऱ्या आणि हात, जबडा, पाठ यांच्याकडून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूत जवळजवळच शिरतात. त्यामुळे मेंदूची फसगत होते. आजार हृदयात, आणि दुखतो डावा हात, कधी दोन्ही हात, जबडा, दोन फऱ्यांच्या मधली पाठ, नाहीतर पोटाचा वरचा भाग. अनेक रोगी शब्द न सापडून छातीवर मूठ आवळून दाखवतात. ही मूठ डॉक्टर ओळखतात.

रमजानमधलं नेहमीचं दृश्य सांगतो. इफ्तारला भजी, समोसे होतात, तरावीहला उभं राहिल्यावर छातीत जळजळ होते. कुणीतरी सोडा आणतो, ढेकर येते, बरं वाटतं. बहुतेकदा ते पित्तच असतं. पण ढेकर आल्यानं किंवा पित्ताच्या गोळीनं बरं वाटलं, यावरून हृदय ठीक आहे असं सिद्ध होत नाही. दडपण काही मिनिटांत गेलं नाही, सोबत दरदरून घाम, धाप, मळमळ, चक्कर असेल, तर चर्चा बंद करून निघायचं.

माझ्या थोरल्या फूफीच्या तर छातीत काहीच दुखलं नाही. ‘जी घबराता’ एवढंच तिचं म्हणणं. आमच्या घरांत बायका हे इतक्या वेळा म्हणतात की कुणी मान वर करत नाही. त्या दिवशी सुनेनं केली, कारण तव्यावर रोटी टाकून फूफी उठून गेली होती आणि अंग घामानं भिजलं होतं. इसीजीत झटका निघाला. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये असं गुपचूप येणं जास्त दिसतं. सून शहाणी म्हणून फूफी पुढं बरीच वर्षं आम्हाला रागावत राहिली.

पाठीचं बोलायचं तर, वजन उचलल्यावर धरलेली, वळलं की चमकणारी, दाबलं की नेमकी तिथंच दुखणारी पाठ बहुधा स्नायूंची. काही दिवस बघायला हरकत नाही. पण फऱ्यांच्या मध्ये अचानक काही फाटल्यासारखी भयंकर कळ आली, तर ती मोठ्या धमनीची असू शकते. श्वास घेताना टोचतंय आणि धाप लागलीय, तर फुप्फुसाची शंका. दोन्ही वेळा तडक रुग्णालय. पाठीसोबत पाय लुळे पडले, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली किंवा सुटली, तरीही तेच. महिनाभर पाठ दुखतेय, संध्याकाळी ताप येतो, वजन घटतंय, तर मणक्याचा क्षय तपासावा लागतो. एका बाजूला आग होऊन पुरळ उठला तर ती नागीण. तिचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो ही निव्वळ भाकडकथा. मात्र पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत औषध सुरू झालेलं चांगलं.

झटक्याची शंका आली तर स्वतः स्कूटर काढू नका. जिना उतरायलाही आधार घ्या. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, तिला बोलवा. ॲस्पिरीन घ्यायची का, ते फोनवर डॉक्टरांना विचारा, कारण धमनी फाटलेली असेल तर ती घातक ठरते. पहिला इसीजी नीट आला तरी डॉक्टर थांबायला सांगतील, पुन्हा इसीजी आणि रक्त तपासतील. ‘पैसे काढायचे धंदे’ म्हणून उठून येऊ नका.

आणि निघताना घड्याळ बघा. तिथं पहिल्या प्रश्नांत हा असतोच: किती वाजता सुरू झालं? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या 12 तासांतच देतात, आणि जितकं लवकर तितकं हृदय वाचतं. ‘मगाशी’ या उत्तरावर डॉक्टरांना हिशेब मांडता येत नाही. ‘मगरिबच्या अजानीला’ म्हणालात, तरी चालेल.