सर, जोडणी बघता का?



‘निवृत्तीनंतर काय करतोस?’ असं सकाळपासून दहा जणांनी विचारलं. घरातल्या वस्तू दुरुस्त करतो! नळाचा वायसर, दाराची बिजागरी, भिंतीचा रंग, सगळं मीच. बाहेरचा माणूस बोलावणं मला कमीपणाचं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी गिझरचं बटण जळालं. नवं मीच बसवलं. पाणी तापलं, मी खूश! अर्थिंगची हिरवी वायर तुटलेली दिसली होती. ‘नंतर बघू’ म्हणून तशीच ठेवली. तीन महिन्यांनी आमच्या हिने बटण बंद करून नळाला हात लावला आणि किंचाळून मागे कोसळली. पायात रबरी चप्पल होती, म्हणून आज ती इथे तुमच्यासमोर बसली आहे.

परवानाधारक वायरमनला बोलावलं. पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. बोर्ड उघडून म्हणाला, “काका, बटण न्यूट्रलवर जोडलंय. बटण बंद केलं तरी फेज आत पोचतोच. त्यात कॉइल फुटली आणि अर्थिंग नाही. मग करंट पाण्यात उतरणारच.”

मी म्हणालो, “पण गिझर तर चालत होता!”

“चालत होता म्हणजे बरोबर जोडला होता, असं नाही काका.”

एमसीबी का पडला नाही, तेही त्यानं समजावलं. तो वायर तापून जळू नये म्हणून असतो. माणसासाठी आरसीसीबी लागतो. गेलेला आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडायच्या आत तो वीज तोडतो. आमच्या जुन्या घरात तो नव्हताच. त्यानं तो बसवला, अर्थिंग तपासून दिलं.

तेव्हापासून मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: माझी चूक झाली तर ती मला दिसेल का, आणि तिची किंमत कोण मोजेल? रंगाचा पोपडा निघाला तर डोळ्यांना दिसतो, पुन्हा हात मारता येतो. वीज, गॅस, घराचा कॉलम यांतली चूक भिंतीआड दबा धरून बसते आणि भलत्याच माणसावर झडप घालते. तिथे जाणकारालाच बोलवायचं. पैसे वाचवायला इतर कामं पुष्कळ आहेत.

आपल्या प्रयोगशाळेतला नियम आठवतो? जोडणी सरांना दाखवल्याशिवाय सेल लावायचा नाही. दीड व्होल्टच्या सेलसाठी आपण रांगेत उभे राहायचो. घरात २३० व्होल्ट खेळतात आणि तिथे मी कुणाला विचारलं नाही.

सर, तुमचा तो धडा मला साठीत समजला. उशीर झाला, पण वेळ गेली नव्हती.