वर्षावासातलं ग्रंथवाचन आणि आपली म्हातारी माणसं

(विहाराच्या वर्धापन दिनी अंबड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नाही. सातवीपर्यंत शाळा आणि त्यानंतर जिनिंग. तीस वर्षं रेच्यापाशी उभं राहून कान अर्धे गेलेले आहेत. म्हणून आमचा आवाज मोठा येतो, रागावून बोलतो असं कोणी समजू नये. समितीनं विषय दिला 'ग्रंथवाचन आणि ज्येष्ठांचे स्थान'. विषय भारदस्त आहे. आम्ही मात्र आपल्या वस्तीत जे घडलं तेच सांगणार आहोत. त्यात आमची स्वतःची चूकही आहे.

आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. पावसाळ्यात पायी फिरलं तर उगवलेलं पीक आणि बारीकसारीक जीव तुडवले जातात, म्हणून भगवंतांनी भिक्खूंना तीन महिने एका जागी राहायला सांगितलं. आता आमच्या जिनिंगचं पाहा. कापूस येतो दसरा-दिवाळीनंतर, रेचे चालतात उन्हाळा लागेपर्यंत, आणि पावसाळ्यात मिलला कुलूप. भिक्खूंचा वर्षावास आणि जिनिंगवाल्याची बेकारी एकाच वेळेला येते. ग्रंथ वाचायची आम्हाला सवय लागली ती अशी. फार मोठी तळमळ होती असं सांगितलं तर ते खोटं होईल.

गावोगावच्या विहारात या तीन महिन्यांत बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. बाबासाहेबांनी 1955 साली स्थापन केलेली भारतीय बौद्ध महासभाही या दिवसांत प्रवचनमाला चालवते. हा ग्रंथ इंग्रजीत निघाला 1957 साली, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. मराठीत आला 1970 साली. जरा हिशेब करा. दीक्षा झाली 1956 ला. ज्या पिढीनं दीक्षा घेतली तिच्या भाषेत ग्रंथ यायला चौदा वर्षं लागली. आणि आला तेव्हा त्या पिढीतल्या किती माणसांना अक्षर ओळखू येत होतं? ज्यांनी धम्म घेतला त्यांना ग्रंथ वाचता येत नव्हता, आणि ज्यांना आता वाचता येतो ती लेकरं मोबाइलमधून मान वर काढत नाहीत. आमच्या मते आपल्या विहारापुढचा खरा प्रश्न हाच आहे. रंगरंगोटी आणि कमानीचं नंतर पाहता येईल.

पहिल्या वर्षी आम्ही चूक केली. रोज संध्याकाळी त्रिसरण-पंचशील झालं की आम्हीच माईक धरून वाचायला बसायचो. वाचायचं आम्ही, अर्थ सांगायचा आम्ही, शेवटी प्रश्न विचारायचे तेही आम्हीच. पहिल्या दिवशी विहार भरलेलं, आणि भादव्यात पाहिलं तर बोटावर मोजण्याइतकी डोकी. त्यातली दोन झोपलेली. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की आमचा आवाजसुद्धा ऐकू जात नसे. मंडळींना दोष देत आम्ही घरी जायचो, लोकांना धम्माची आवड राहिली नाही म्हणून. एक दिवस आमच्याच घरातून ऐकायला मिळालं, "तुम्ही वाचता तवा दुसऱ्या कोणाला तोंड हाय का न्हाई?" आम्ही जेवण सोडून उठलो. पण बोल खरा होता.

दुसऱ्या वर्षी पद्धत बदलली. वाचायचं शाळेतल्या मुलामुलींनी, एकेकानं पान-दीड पान. वाचणाऱ्याच्या शेजारी एक म्हातारं माणूस बसणार. वाचून झालं की पहिलं बोलायचं त्या म्हाताऱ्या माणसानं. अर्थ सांगायचा नाही, फक्त काय वाटलं ते सांगायचं. मग बाकीचे. आम्ही सर्वांत शेवटी, आणि तेही वेळ उरला तर. वेळ ठेवली आठची, कारण सातला बाया चुलीपाशी असतात. हे आधी कळायला पाहिजे होतं, पण वेळापत्रक करणारे सगळे पुरुष होतो.

आता त्या वर्षीची एक गोष्ट सांगतो. ग्रंथाच्या सुरुवातीलाच बाबासाहेबांनी चार प्रश्न मांडले आहेत, त्यातला पहिला सिद्धार्थानं घर का सोडलं याचा. जुनी गोष्ट आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, म्हातारा पाहिला, आजारी पाहिला, प्रेत पाहिलं आणि मन उडालं. नववीतली एक मुलगी ते वाचत होती. शेजारी गल्लीतली आजी, वय पंच्याहत्तरच्या पुढं, शाळेची पायरी कधी चढलेली नाही. मुलीनं जुनी गोष्ट वाचली आणि पान उलटायला थांबली, तेवढ्यात आजी बोलली, "थांब गं माय. एकोणतीस वर्षांचा गडी, अन् त्यानं म्हातारं माणूस पाह्यलंच न्हवतं? मंग त्याला सांभाळणारी मावशी काय तशीच तरणी ऱ्हायली का?" सगळं विहार हसलं. मुलीनं पुढचं वाचलं आणि हसणं थांबलं, कारण बाबासाहेबांनीही तिथं तीच शंका घेतलेली आहे. रोज घडणाऱ्या या गोष्टी एकोणतीस वर्षांच्या माणसानं आधी पाहिल्याच नाहीत हे पटत नाही, असं ते म्हणतात. आजीचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. "बाबासायब असं म्हनले?" तीन वेळा विचारलं तिनं. बाबासाहेब कोलंबियाला शिकून ज्या प्रश्नापाशी आले त्या प्रश्नापाशी ही माउली महाप्रजापती गौतमीचं वय मोजून आली.

पुढं रोहिणी नदीचं प्रकरण आलं. शाक्य आणि कोलीय यांचा पाण्यावरून तंटा, युद्धाचा ठराव, सिद्धार्थाचा विरोध. त्या दिवशी मात्र म्हातारे गडी थांबायलाच तयार नाहीत. जायकवाडीचा डावा कालवा आपल्या भागातून जातो. पाळीचं पाणी टेलपर्यंत येतं का, रात्री दार कोण उघडतं, कुऱ्हाडी कशा निघतात, हे त्यांनी सांगितलं. गोदावरी आपल्या तालुक्याच्या कडेनं वाहते तरी पाण्याचं भांडण सुटत नाही. पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. त्या दिवशी पुस्तकाचं अर्धंच पान झालं. आम्हाला वाटतं तीन महिन्यांत सगळ्यात जास्त वाचन त्या दिवशी झालं.

पण म्हातारं माणूस बोललं म्हणजे सगळं शहाणपणाचंच बोललं असं समजू नका. केस पांढरे होणं हे काही काम नाही, ते आपोआप होतं. धम्मपदात जरावग्ग म्हणून अकरावा वग्ग आहे. जो ऐकत नाही, शिकत नाही, तो माणूस बैलासारखा वाढतो, मांस वाढतं पण प्रज्ञा वाढत नाही, अशा अर्थाचं त्यात सांगितलेलं आहे. लकुंटक भद्दिय स्थविरांची कथाही तुम्ही ऐकली असेल. अंगानं लहान, म्हणून भिक्खूंना ते श्रामणेर वाटले. भगवंतांनी सांगितलं की थेर तेच. आम्ही ही कथा मुद्दाम वाचायला लावली. का ते सांगतो.

आमच्या वाचनात एक आजोबा येत. तापट माणूस. एके दिवशी म्हणाले, "दीक्षा सत्तावन्न साली झाली, म्या डोळ्यानं पाह्यली." दहावीतला पोरगा ताडकन बोलला, "आजोबा, चुकलं. 14 ऑक्टोबर 1956, नागपूर. सत्तावन्नला बाबासाहेब होतेच कुठं?" पोरं हसली. आजोबांनी काठी घेतली आणि गेले. चार दिवस आले नाहीत. पाचव्या दिवशी पोराच्या आईनं त्याला धाडलं, "आणायला तूच जा." तो गेला आणि बऱ्याच उशिरा दोघं आले. पोराच्या हातात आजोबांची बॅटरी होती. त्यानं उभं राहून सांगितलं की आजोबा चुकले नव्हते. नागपूरची दीक्षा 56 ची, पण त्यांच्या गावातल्या म्हारवाड्यानं धम्म घेतला तो पुढच्या वर्षी. आजोबा तेव्हा सहा-सात वर्षांचे. घरातले देव पोतडीत घातले, बापाच्या मागं गोदावरीपर्यंत चालत गेले. एक पितळेचा टाक पोरानं खेळायला म्हणून मुठीत लपवला होता. बापानं पाहिला आणि काही न बोलता हात पुढं केला. एवढं सांगून आजोबा खाली बसले.

नागपूर पुस्तकात आहे. गोदावरीच्या काठावरचं ते पोर कोणत्या पुस्तकात आहे? पोराची तारीख बरोबर होती आणि आजोबांचं वर्षही बरोबर होतं. दोघांना एकमेकांशिवाय ते कळलं नसतं. त्या दिवसापासून आम्ही वही घातली. म्हातारी माणसं बोलतात ते पोरं मोबाइलमध्ये आवाज भरून घेतात आणि रविवारी वहीत उतरवतात. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बाया, रेशनची मिलो ज्वारी, सुकडी, नामांतराच्या वेळी रात्री शेतात काढलेल्या रात्री, हे सगळं त्यात यायला लागलं आहे. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं 14 जानेवारी 1994 ला, हे पोरांना पाठ आहे. 1978 ला घर सोडताना आईनं चुलीवरची भाकर बरोबर घेतली की तशीच टाकली, हे आजीलाच माहीत.

एका शिकलेल्या गृहस्थांनी विचारलं, अडाणी माणसांचं बोलणं लिहून काय मिळणार? त्यांचा आम्ही राग धरला नाही, पण उत्तर देतो. भगवंतांच्या परिनिर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत आनंदांनी सुत्त म्हटले आणि उपालींनी विनय म्हटला. म्हटले हो, वाचले नाहीत. त्यानंतर कित्येक पिढ्या धम्म तोंडपाठ राहिला. पाठ म्हणणाऱ्या भिक्खूंना भाणक म्हणत. दीघनिकायाचे वेगळे, मज्झिमनिकायाचे वेगळे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत लढाया आणि दुष्काळ आले. भाणक मेले तर धम्म त्यांच्याबरोबर जाईल ही भीती उभी राहिली, तेव्हा त्रिपिटक लिहून काढलं गेलं. आणि जवळचं पाहिजे असेल तर बीड जिल्ह्यातलं माजलगाव घ्या. तिथल्या भीमनगरातल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या, त्यात बाबासाहेबांवरच्याही, हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या मंडळींनी 1996 साली टेपवर घेतल्या. महाराष्ट्रभरातून त्यांनी एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी बायांना सही करता येत नव्हती.

आता आमची चूक. आमचे वडील हमाली करीत. म्हातारपणी नजर गेली. आम्ही पाळीवरून आलो की म्हणायचे, "जरा पेपर वाचून दाव रे." आम्ही म्हणायचो, दमलो दादा, उद्या. असे किती उद्या गेले त्याचा हिशेब नाही. बाहेर मोर्चात पुढं, सभेत पुढं, आणि घरातल्या माणसाला दहा मिनिटं पेपर वाचून दाखवला नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लेकरांकडून घरी रोज ग्रंथ वाचून घेत. केळुसकर गुरुजींनी शाळकरी भीमरावाच्या हातात स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं. हे आम्ही व्यासपीठावरून पाच-पन्नास वेळा सांगितलं असेल. दादा गेले. बाहत्तरच्या दुष्काळात ते कुठं होते, कुणाच्या आसऱ्यानं जगले, आम्हाला माहीत नाही. वहीत आमच्या घराचं पान कोरं आहे.

भगवंत ऐंशी वर्षांचे झाले तेव्हा आनंदाला म्हणाले की हे शरीर आता जुन्या गाडीसारखं झालं आहे, बांधून-बांधून चाललं आहे. हे वाचलं त्या दिवशी आमच्या एका बैलगाडीवाल्या बापूंनी चऱ्हाट कुठं-कुठं बांधावं लागतं ते तासभर समजावून सांगितलं. आम्हाला कंटाळा आला, लेकरांना आला नाही.

आता शेवटचा मुद्दा, समितीपुढचा. अश्विन पौर्णिमेला खीर वाटून आपण ग्रंथ मिटवतो. पण त्यानंतर काय होतं? ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, गाड्या भरून माणसं कारखान्यावर जातात, काही पोरं चाकण, वाळूजला. मागं गल्लीत राहतात आजी-आजोबा आणि शाळेची लेकरं. उन्हाळ्यापर्यंत घरात मधली पिढीच नाही. ज्या पाच-सहा महिन्यांत या दोघांना एकमेकांची सगळ्यात जास्त गरज असते त्याच महिन्यांत आपलं विहार संध्याकाळी बंद. म्हणून यंदा पौर्णिमेनंतरही आठवड्यातून दोन दिवस वाचन चालू ठेवावं. काही सभासद लाइटबिलाचं बोलले. जिनिंग चालू असते तेव्हा आमच्या हातात पैसे असतात, बिल आम्ही देऊ. वेळ मात्र नसतो, रात्रपाळी असते, म्हणून चावी त्या नववीतल्या मुलीच्या आजीकडे ठेवा. मुलगी आता अकरावीला आहे, वाचन तीच घेईल. ग्रंथाची पानं झेरॉक्सवर मोठी करून घ्यायची आहेत, आणि दोन आजोबांचे चष्मे बदलायचे आहेत. त्याची यादी बाहेर टेबलावर ठेवली आहे. ज्यांना जमेल त्यांनी जाताना नाव लिहावं.