शंका विचारायची जागा

तास संपत आला की बहुतेक प्राध्यापक एक प्रश्न हमखास विचारतात, 'कुणाला काही शंका?' साठ-सत्तर मुलांचा वर्ग गप्प बसतो. फळा पुसला जातो आणि पुढचा तास सुरू होतो. या साठ-सत्तर जणांना सगळे समजले, असे कुणीच मानत नाही. शंका असतात, पण त्या बाहेर पडतात जिन्यात, मेसच्या रांगेत आणि ओरलच्या आदल्या रात्री रूमवर. ज्याला रूम पार्टनर हुशार मिळाला तो तरून जातो. ज्याला तो मिळाला नाही, त्याची त्या विषयात केटी लागते.

हे चित्र पाहायला महाळुंग्यासारखी जागा नाही. महाळुंगे म्हणजे मुळशी तालुक्यातले, मुळेच्या काठचे, चाकणजवळचे नव्हे. एका बाजूला बालेवाडी, जिथले क्रीडासंकुल १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले, आणि दुसऱ्या बाजूला हिंजवडीचे आयटी पार्क. २०२१मध्ये पुणे महापालिकेत जी तेवीस गावे आली, त्यांत महाळुंगेही होते. भोवताली अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाची महाविद्यालये आहेत. बाहेरगावची मुले तिघे-चौघे मिळून भाड्याने खोली घेतात. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एखादा संगणक अभियंता राहतो. खालच्या मजल्यावर तिसऱ्या सेमिस्टरचा मुलगा ज्या गणितावर रात्र काढतो, ते वरच्या माणसाला दहा मिनिटांत समजावून देता येईल. पण दोघांची गाठ पडत नाही. ही गाठ घालून देणारी व्यवस्था संगणकाच्या जाळ्यावर कशी उभारावी, याविषयी आज बोलायचे आहे.

कुणी म्हणेल, व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे की! आहे, आणि त्याचा उपयोगही होतो. पण ग्रुपवरचा प्रश्न वाहत्या पाण्यात टाकलेल्या पानासारखा असतो. सकाळी विचारलेला प्रश्न दुपारपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गडप होतो. उत्तर आलेच तर ते बरोबर की चूक, हे सांगणारे कुणी नसते. आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना ते सापडत नाही. तोच प्रश्न, तीच धावाधाव पुन्हा सुरू होते.

या बाबतीत आपल्याच पुणे जिल्ह्यातले एक उदाहरण फार बोलके आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. या आश्रमाच्या सहकार्याने मुंबईच्या आयआयटीतील प्रा. कृती रामामृतम् आणि अनिल बहुमन यांच्या गटाने २००३मध्ये 'आक्वा' नावाची प्रश्नोत्तरांची व्यवस्था उभी केली. ती होती शेतकऱ्यांसाठी. शेतकऱ्याने आपल्या पिकाविषयीचा प्रश्न मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत विचारायचा, हवे तर रोगट पानाचा फोटो जोडायचा, आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणच्या जाणकारांनी त्याला उत्तर द्यायचे. 'आक्वा' हे इंग्रजी शब्दांचे लघुरूप. त्याचा अर्थ 'जवळजवळ सर्व प्रश्नांना उत्तरे'. त्यातला 'जवळजवळ' हा शब्द मला फार आवडतो. सगळे येते असा दावा नाही, पण प्रश्न वाऱ्यावर सोडणार नाही अशी हमी आहे.

महाविद्यालयासाठी अशी व्यवस्था आखताना 'आक्वा'पासून पहिली गोष्ट उचलावी ती ही, की प्रश्न विचारण्याची सोय करण्याआधी उत्तर कोण देणार हे ठरवावे. आपल्याकडे उलटे होते. उत्साही मुले पंधरा दिवसांत संकेतस्थळ तयार करतात, उद्घाटन होते, पेढे वाटले जातात. महिन्याभरात चाळीस प्रश्न साचतात आणि उत्तरे असतात सहा. एकदा विचारून उत्तर न मिळालेला विद्यार्थी दुसऱ्यांदा तिकडे फिरकत नाही. म्हणून प्रत्येक प्रश्नाला घड्याळ लावले पाहिजे. पहिला दिवसभर तो वर्गातल्या मुलांसाठी खुला राहील. तेवढ्यात उत्तर आले नाही तर तो वरच्या वर्षाच्या, जबाबदारी घेतलेल्या विद्यार्थ्याकडे जाईल. तिथेही अडला तर त्या आठवड्याची पाळी असलेल्या प्राध्यापकांपुढे येईल. हे काम प्राध्यापकांच्या कामाच्या तासांत धरले जावे. उपकार म्हणून केलेले काम परीक्षेच्या दिवसांत पहिल्यांदा बंद पडते.

दुसरी गोष्ट संकोचाची. पाटण्याची एक मुलगी, पूजा शंकर, कानपूरच्या आयआयटीत संगणकशास्त्र शिकायला गेली. वर्गात मुली अगदी मोजक्या. मुले आपसात चर्चा करून गृहपाठ सोडवत आणि ही एकटी झगडत राही, असे त्यांनीच पुढे अनेकदा सांगितले आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत असताना २००९मध्ये त्यांनी 'पियाझा' ही विद्यार्थ्यांसाठीची प्रश्नोत्तर सेवा सुरू केली. तिथे वर्गमित्रांना नाव न कळू देता प्रश्न विचारता येतो. आपल्याकडे तर याची गरज जास्तच आहे. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा इंग्रजीत प्रश्न मांडायला कचरतो आणि मराठीत विचारला तर हसतील म्हणून गप्प बसतो. तेव्हा नाव वर्गापासून झाकलेले असावे. मात्र व्यवस्था पाहणाऱ्या प्राध्यापकांना ते माहीत असावे, म्हणजे टवाळी आणि शिवीगाळ यांना आळा बसेल.

'पियाझा'ची आणखी एक युक्ती घेण्यासारखी आहे. एका प्रश्नाखाली वीस तुटक उत्तरांची माळ लावण्याऐवजी विद्यार्थ्यांनी मिळून एकच उत्तर लिहायचे, एकमेकांचे दुरुस्त करायचे, आणि शिक्षकांचे उत्तर वेगळ्या चौकटीत यायचे. विद्यार्थ्यांचे उत्तर बरोबर असेल तर शिक्षक त्यावर पसंतीची खूण करतात. प्राध्यापकांचा वेळ वाचतो आणि उत्तर लिहिणाऱ्याचा विषयही पक्का होतो.

तिसरी गोष्ट भाषेची. एकच शंका तीन मुले तीन तऱ्हांनी लिहितात. एक लिहितो, 'कॅपॅसिटर डीसी ब्लॉक का करतो?' दुसरा मराठीतून शिकलेला. तो विचारतो, 'संधारित्रातून एकदिश धारा का वाहत नाही?' तिसरा हेच वाक्य मराठीत, पण रोमन लिपीत टाइप करतो. यंत्राला हे तीन निरनिराळे प्रश्न वाटतात आणि आधी दिलेले उत्तर शोधूनही सापडत नाही. यावर उपाय म्हणजे विषयवार पारिभाषिक शब्दांचा कोश आधी भरून ठेवायचा आणि शोध त्याच्या आधारे चालवायचा. हे काम भाषेच्या आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी जोडीने करण्याजोगे आहे. २०२१मध्ये निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवायला सुरुवात झाली. तेव्हा मराठीतले असे प्रश्न केवळ कल्पनेतले राहिलेले नाहीत.

चौथी गोष्ट, प्रश्नाला पत्ता हवा. 'थर्मोडायनॅमिक्स समजत नाही' या वाक्याला कुणी काय उत्तर देणार? मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमाने हे फार छान साधले आहे. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली तिथे संगणक शिकवणारे छोटे छोटे पाठ तयार झाले आणि मराठीसह अनेक भाषांत आले. त्या पाठावर शंका विचारताना कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला अडले ते नोंदवता येते. तसाच आपल्या प्रश्नाला विषय, युनिट, पुस्तकाचे पान किंवा प्रयोगाचा क्रमांक चिकटवावा. जिथे अडले त्या पायरीचा वहीतला फोटो जोडता यावा. शिवाय अभ्यासक्रम कोणता तेही नोंदवावे. पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीत २०१५ पॅटर्न गेला, २०१९ पॅटर्न आला, आणि जुनी उत्तरे नव्या मुलांच्या गळ्यात पडली तर गोंधळ व्हायचा.

आणि आता यंत्रमानवाच्या उत्तरांविषयी. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅट-जीपीटी आले. पुढच्या काही दिवसांतच 'स्टॅक ओव्हरफ्लो' या प्रोग्रामरांच्या जगप्रसिद्ध प्रश्नोत्तर स्थळाने त्याच्याकडून लिहून घेतलेली उत्तरे टाकण्यास बंदी केली. कारण साधे होते: ती उत्तरे वाचायला अस्खलित, पण चुकीची असण्याचे प्रमाण फार, आणि तपासायला माणसे अपुरी. मग मुलांनी यंत्राला विचारूच नये का? विचारावे की. रात्री दोन वाजता दुसरे कोण जागे असते? पण यंत्राने दिलेले उत्तर महाविद्यालयाच्या साठ्यात ठेवायचे असेल तर ते कुणीतरी सोडवून पाहिलेले असावे आणि खाली त्या माणसाची सही असावी. आपल्या लॅबमधल्या जुन्या यंत्राचे रीडिंग दर वेळी कमीच का येते, हे तर जगातल्या कोणत्याही यंत्राला ठाऊक नसते. ते लॅबमधल्या सहायकांनाच माहीत असते. अशा माणसांनाही या व्यवस्थेत उत्तरे देण्याचा मान मिळायला हवा.

या साठ्यातून आणखी एक लाभ होतो. एकाच युनिटवर पन्नास जणांनी एकच शंका विचारली, तर दोष मुलांच्या डोक्याचा नसून शिकवण्याच्या किंवा पुस्तकाच्या मांडणीचा असण्याची शक्यता अधिक. पुढच्या वर्षी तो भाग निराळ्या रीतीने शिकवता येतो. निकालातून हे कळते सेमिस्टर संपल्यावर. प्रश्नांतून कळते त्याच आठवड्यात.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. महाळुंगे-बालेवाडी परिसरातल्या एखाद्या महाविद्यालयाने एकच विषय घ्यावा, शक्यतो ज्यात सर्वांत जास्त मुले नापास होतात तो, आणि एक सेमिस्टर प्रयोग करावा. सॉफ्टवेअर फुकट मिळते. 'मूडल' अनेक महाविद्यालयांत आधीपासूनच आहे. शेजारच्या इमारतींतल्या अभियंत्यांपैकी पाच-सहा जणांनी आठवड्यातला एक तास दिला तरी पुष्कळ झाले. किती जणांनी नाव नोंदवले याचा आकडा मिरवू नये. सूचनाफलकावर दर सोमवारी एकच आकडा लावावा: उत्तर न मिळालेले प्रश्न किती उरले. तो शून्याच्या जवळ ठेवता आला, तर मुले आपणहून विचारू लागतील.