हजेरी आणि पाळत

सांगलीहून ईश्वरपुराकडे, म्हणजे पूर्वीच्या इस्लामपुराकडे, जाणाऱ्या रस्त्यावर कृष्णा आणि वारणा ह्या दोन नद्यांच्या मधल्या सुपीक पट्टींत आष्टा हें गांव आहे. गांव म्हणावयाचें एवढेंच. नगरपालिका असलेलें तें लहानसें शहरच आहे. दिवाळी सरते न सरते तोंच भोंवतालच्या शिवारांत ऊंसतोडीला प्रारंभ होतो. बीड, अहिल्यानगर ह्यांसारख्या जिल्ह्यांतून मजुरांच्या टोळ्या येतात, फडाशेजारीं खोपी उभ्या राहतात, आणि वाळवा तालुक्यांतील साखर कारखान्यांचीं धुराडीं रात्रंदिवस धूर ओकूं लागतात. ह्या टोळ्यांची मोजदाद ‘कोयत्या’नें होते. नवराबायको मिळून एक कोयता. त्याच हिशेबानें मुकादम उचल देतो आणि त्याच हिशेबानें ती फेडून घेतो. त्यांच्याबरोबर आलेलें मूल मात्र ह्या हिशेबांत कोठेंच बसत नाहीं.

त्या मुलाचें नांव बीड जिल्ह्यांतील एखाद्या शाळेच्या पटावर असतें. मूल असतें सांगली जिल्ह्यांतील खोपींत, धाकट्या भावंडाला सांभाळीत. नांव आहे तेथें मूल नाहीं, आणि मूल आहे तेथें नांव नाहीं. शाळेंतील मुलांचा माग यंत्रांच्या साहाय्यानें ठेवावा किंवा नाहीं, हा जो वाद आज शहरांतील सुशिक्षित घरांतून चालतो, त्याची खरी पारख अशा मुलाच्या बाबतींतच व्हावयास हवी. कारण ह्या मुलाचें जें नुकसान झालें तें त्याच्याकडे कोणाचेंच लक्ष नसल्यामुळें झालें. त्याला खाजगीपणाच्या हक्काची महती सांगणें म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखें वाटेल. तरीसुद्धां तो हक्क त्यालाहि हवा आहे. किंबहुना त्यालाच तो अधिक हवा आहे.

हजेरीपट ही शाळेंतील फार जुनी वस्तु. गुरुजींनीं नांव पुकारावें, मुलानें ‘हजर’ म्हणावें, आणि चौकटींत एक खूण उमटावी. संध्याकाळीं पट कपाटांत जाई. तो पाहणारे दोनतीनच : गुरुजी, मुख्याध्यापक आणि वर्षाकांठीं येणारे तपासनीस. पुढें यथाकाल तो वाळवीच्या स्वाधीन होई. ह्या पटाचा मोठा दोष असा कीं, नसलेलें मूलहि त्यांत हजर दाखवितां येई. महाराष्ट्र सरकारनें ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ह्या तीन दिवसांत राज्यांतील शाळांची पटपडताळणी केली. एकच मूल दोन ठिकाणीं मोजलें जाऊं नये म्हणून मुलांच्या बोटांना, मतदानाच्या वेळीं लावतात तशी शाई लावण्यांत आली. पटावर नांव असलेलीं सुमारें २० लक्ष मुलें त्या दिवसांत शाळांतून आढळलीं नाहींत. त्यांतलीं कांहीं खरोखरच घरीं राहिलीं असतील. पण पुष्कळशीं नुसतीं कागदावरच शिकत होतीं, आणि अशा नांवांच्या जोरावर शिक्षकांच्या जागा, अनुदानें आणि पोषण आहाराचें धान्य मंजूर होत असे.

पुढची सारी व्यवस्था ह्या अनुभवाच्या पाठीवर उभी राहिली. २०१५ सालीं ‘सरल’ ह्या नांवाची प्रणाली आली आणि प्रत्येक मुलाची नोंद संगणकावर होऊं लागली. मग ती आधार क्रमांकाशीं जोडली गेली. शाळेला शिक्षक किती द्यावयाचे हें ठरविणारी संचमान्यता आधारची पडताळणी झालेल्या मुलांच्या संख्येवर होऊं लागली. डिसेंबर २०२३ पासून रोजची हजेरी मोबाईलवरून वर पाठविण्याची पद्धति सुरू झाली. केंद्र सरकारच्या ‘अपार’ योजनेंत तर विद्यार्थ्याला १२ आंकड्यांचा क्रमांक मिळतो, आणि त्याचा शैक्षणिक वृत्तान्त त्या क्रमांकाखालीं जन्मभर जमा व्हावा असा हेतु आहे.

ह्या व्यवस्थेचा लाभ नाकारणें अन्यायाचें होईल. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठीं महाराष्ट्रांत ‘शिक्षण हमी पत्रक’ दिलें जातें. तें दाखविलें असतां नव्या गांवच्या शाळेनें त्याला बसवून घ्यावें अशी योजना आहे. राज्याच्या महिला व बालविकास विभागानें स्थलांतरित माता आणि बालकें ह्यांचा माग ठेवणारी प्रणालीहि उभारली आहे. हेतु हा कीं, एका अंगणवाडीच्या वहींतून पुसलें गेलेलें नांव दुसरीच्या वहींत उमटावें. कागदी पत्रक खोपींत भिजतें, हरवतें. संगणकावरची नोंद हरवत नाहीं. बीडची नोंद आष्ट्याच्या शिक्षकाला क्षणांत दिसली, तर त्या मुलाचे पांच महिने वांचतात.

पण ह्याच व्यवस्थेचें दुसरें अंगहि शिक्षकांना चांगलें ठाऊक आहे. पटावर नांव ‘श्रावणी’, आधारपत्रावर ‘सावनी’. जन्मतारखेंत एका महिन्याचा फरक. वयाच्या पांचव्या आणि पंधराव्या वर्षीं बोटांचे ठसे नव्यानें द्यावयाचे ते राहून गेलेले. एवढ्यावरून पडताळणी अडते, आणि पहिल्या बांकावर बसलेली मुलगी गणतींतून गळते. पूर्वीं नसलेलें मूल मोजलें जाई. आतां असलेलें मूल मोजावयाचें राहतें. पहिल्या चुकींत सरकारचा पैसा जात होता. दुसरींत वर्गाचा शिक्षक जातो.

येथपर्यंतची गोष्ट मोजण्याची झाली. मोजणें आणि पाळत ठेवणें ह्यांत मात्र अंतर आहे, आणि तें यंत्राच्या सोयींत चटकन् लक्षांत येत नाहीं. शहरांतील कित्येक शाळांतून मुलांच्या गळ्यांत ओळखपत्र असतें व त्यांत एक सूक्ष्म चकती बसविलेली असते. तिला स्वतःची वीज नसते. फाटकावरील यंत्र रेडिओच्या लहरी सोडतें, त्या लहरींतूनच चकतीला शक्ति मिळते, आणि ती आपला क्रमांक उच्चारते. ज्या जातीच्या लहरींवर हें भाषण श्रोत्यांच्या घरीं पोहोंचतें, त्याच जातीच्या लहरींवर मूल शाळेंत शिरल्याची वर्दी आईच्या मोबाईलवर पोहोंचते. एक यंत्र फाटकावर असेल तर ती हजेरी झाली. तींच यंत्रें ग्रंथालयाच्या, उपाहारगृहाच्या आणि प्रसाधनगृहाच्या दारांवर बसलीं, कीं मूल कोठें किती वेळ होतें, कोणाबरोबर होतें, ह्याची दिनचर्या आपोआप लिहिली जाते. यंत्र तेंच राहिलें. संबंध मात्र पालटला.

पाळतीच्या बाजूनें बोलणारांची मुख्य भिस्त सुरक्षिततेवर आहे, आणि ती पोकळ नाहीं. ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापूर येथील एका शाळेंत दोन अगदीं लहान मुलींवर अत्याचार झाल्याचें उघडकीस आलें व सारें राज्य हादरलें. त्याच महिन्याच्या २१ तारखेस सरकारनें शाळांना एका महिन्यांत कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. त्या दिवसांत ज्या आईनें आपल्या मुलीला शाळेंत धाडलें, तिला खाजगीपणाचें व्याख्यान देण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. तथापि कॅमेरा घडलेलें दाखवितो. घडूं न देणारा माणूसच असावा लागतो. लहान मुलींबरोबर स्त्री सेविका आहे कीं नाहीं, तक्रार घेऊन आलेल्या आईचें कोणी ऐकतें कीं नाहीं, हे प्रश्न कॅमेऱ्यानें सुटत नाहींत. उलट, कॅमेरा बसविला म्हणजे ते सुटले असा भास मात्र होतो.

कायद्यानें ह्या बाबतींत बरीच वाट चालून दाखविली आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यांतील प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड ह्यांचें. आणीबाणींतील १९७६ च्या ज्या निर्णयांत त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड हे सहभागी होते, तो निर्णय मुलानें ह्या निकालपत्रांत चूक ठरविला. पुढें २६ सप्टेंबर २०१८ रोजीं, शाळाप्रवेशासाठीं आधार सक्तीचें करतां येणार नाहीं, आणि आईबापांनीं काढून दिलेल्या आधारांतून बाहेर पडण्याची मुभा मुलाला सज्ञान झाल्यावर असली पाहिजे, असें त्याच न्यायालयानें सांगितलें. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानें १८ वर्षांखालील मुलांचा माग काढणें व त्यांच्या वर्तनावर नजर ठेवणें ह्यांना मनाई केली. परंतु नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या नियमांनीं शिक्षणसंस्थांना, शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती, ह्या मनाईंतून सूट दिली. सुरक्षिततेची व्याप्ति कोठवर, हें अखेर त्या त्या शाळेच्या विवेकावर येऊन ठेपलें.

हा विवेक कसा डळमळतो, ह्याचीं दोन उदाहरणें परदेशांत आहेत. अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत शाळांना मिळणारा सरकारी पैसा हजेरीवर अवलंबून असतो. तेथील सॅन अँटोनिओ शहरांत २०१२ सालीं दोन शाळांतील मुलांना चकतीचीं ओळखपत्रें देण्यांत आलीं. एका विद्यार्थिनीनें धार्मिक कारणानें तें घालण्यास नकार दिला. प्रकरण न्यायालयांत गेलें, तेथें ती हरली. तरी २०१३ च्या उन्हाळ्यांत शाळांनीं ती योजना आपण होऊनच गुंडाळली, कारण अपेक्षेइतकी हजेरी कांहीं वाढली नाहीं. दुसरें उदाहरण स्वीडनचें. शेलेफ्तेओ गांवच्या एका शाळेनें २२ विद्यार्थ्यांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यानें घेऊन पाहिली. हजेरी घेण्यांत शिक्षकांचे वर्षाला सुमारें १७ हजार तास खर्च होतात, हें शाळेचें समर्थन. संमति घेतलेली होती. तरीहि तेथील नियंत्रक संस्थेनें २०१९ सालीं २ लक्ष क्रोनरचा दंड ठोठावला. तिचें म्हणणें असें कीं, ज्याच्या हातांत आपले गुण आहेत त्यानें पुढें केलेल्या कागदावरील सही ही मोकळ्या मनाची सही मानतां येत नाहीं.

हें म्हणणें आपल्या पालकसभांना अधिकच लागू आहे. ‘अपार’ची नोंद ऐच्छिक आहे, तिला पालकांची लेखी संमति लागते. पण मुख्याध्यापकांनीं दिलेला कागद परत करण्याचें धैर्य पुण्याच्या अभियंत्याला कदाचित् होईल. अंगठा उठविणाऱ्या ऊंसतोड कामगाराला तें कोठून व्हावें? आणि नोंद तर त्याच्याच मुलाची सर्वांत बोलकी. जात कोणती, बाप काय करतो, शाळा कितीदां सुटली, कोणत्या वर्षीं किती महिने गैरहजर, हें सारें त्या नोंदींत येऊं शकतें. पूर्वीं हीच माहिती कपाटांत राही, आणि मूल मोठें होई तों लोक ती विसरत. विसरलें जाणें ही गरिबाच्या मुलाची एक मोठी संधि होती. फडावर वाढलेली मुलगी पुढें परिचारिका झाली, तर तिचें बालपण तिनें सांगितलें तरच इतरांना कळे. न विसरणाऱ्या नोंदींनीं तिच्या हातची ही निवड काढून घेऊं नये.

म्हणून यंत्राला सरसकट होकार किंवा सरसकट नकार देऊन भागणार नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांतील व्यवस्थापन समितींत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत असें ठरविलें आहे. त्या समितीनें, आणि खाजगी शाळांच्या पालकसभांनींहि, कोणतेंहि नवें यंत्र फाटकावर चढण्यापूर्वीं चार गोष्टी लेखी मागाव्यात : ही नोंद कशासाठीं, ती शाळेबाहेर कोण पाहील, विशेषतः यंत्र विकणारी कंपनी पाहील काय, ती केव्हां पुसली जाईल, आणि एखाद्या घरानें नकार दिला तर त्या मुलाची हजेरी कशी लागेल. ह्यांतील शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर मागितलेली संमति ही नांवाचीच संमति समजावी. सुशिक्षित पालकांनीं हे प्रश्न विचारले, तर त्यांचीं उत्तरें ज्यांना विचारतां येत नाहीं त्यांच्याहि मुलांच्या उपयोगीं पडतील.

आष्ट्याच्या शिवारांतील मुलाला जी नोंद हवी ती थोडकी आहे : त्याचें नांव, त्याची इयत्ता आणि आज तें कोणत्या शाळेंत बसलें आहे एवढें. तेवढ्यानें त्याला बांक मिळतो, पुस्तक मिळतें, दुपारचें जेवण मिळतें. तें खोपींत किती वाजतां परतलें, वर्गांत किती वेळ खिडकीबाहेर पाहत होतें, हें कोणत्याहि यंत्राला ठाऊक असण्याचें कारण नाहीं. तें मूल दोन दिवस दिसलें नाहीं, तर नोंद शिक्षकाला तसें सांगेल. त्यानंतर सायकल काढून फडापर्यंत जाण्याचें काम शिक्षकाचें आहे, आणि त्याला तेवढी सवड ठेवणें हें सरकारचें.