नाव ठेवावं, नावं ठेवू नयेत



मी कवी माणूस. बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. संगणकावर कविता टाइप करण्यापलीकडे माझी मजल गेलेली नाही. तरीही आज मी तुमच्याशी प्रोग्रॅमिंगबद्दल, त्यातही प्रोग्रॅममधल्या नावांबद्दल बोलणार आहे. याला कारण माझी भाची. ती पदविकेला आहे. अभ्यासात जावा नावाची भाषा आली तेव्हा सुटीत घरी येऊन म्हणाली, "मामू, यात गणित कमी आणि व्याकरणच जास्त आहे. तुम्हीच बघा." व्याकरण म्हटल्यावर मला बघणं भाग होतं.

दिवस पावसाळ्याचे होते. भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात, वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण आहे. १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. धरणाला ३३ दरवाजे आहेत. पावसाळ्यात आमच्याकडची मोठी बातमी हीच: आज इतके दरवाजे अर्ध्या मीटरनं उघडले, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावं. मी भाचीला म्हटलं, "तुझी भाषा मला या दरवाज्यांवरून समजावून सांग." तिनं पाटीवर सांगितल्यासारखं सांगितलं. तेच तुम्हाला सांगतो. खरं धरण अर्थातच एवढ्यावर चालत नाही.

३३ दरवाज्यांचं वर्णन ३३ वेळा लिहिण्याची गरज नाही. दरवाजा म्हणजे काय, याचा एकच आराखडा लिहायचा. त्याला क्रमांक असतो. तो किती उघडा आहे याचं माप असतं. त्याला उघडता येतं, बंद करता येतं. या आराखड्याला क्लास म्हणतात. त्यावरून घडवलेला पहिला, दुसरा, तेहतिसावा दरवाजा म्हणजे ऑब्जेक्ट, म्हणजे वस्तू. शाळेतल्या मास्तरांच्या भाषेत क्लास हे सामान्यनाम. वस्तूला आपण जे नाव देतो ते विशेषनामासारखं. १९६० च्या दशकात नॉर्वेतल्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड या दोघांनी सिम्युला नावाच्या भाषेत ही पद्धत आणली. खऱ्या जगातल्या हालचालींची संगणकावर नक्कल करायची, हा तिचा हेतू. तेव्हा दरवाज्यांचं उदाहरण मी ओढूनताणून आणलेलं नाही.

आता वाक्यरचना. मराठीत लिहून दाखवायचं तर असं:

दरवाजा पहिला = न्यू दरवाजा(१);

डावीकडचा 'दरवाजा' हा प्रकार. 'पहिला' हे आपण दिलेलं नाव. 'न्यू' म्हणजे नवा घडव. मधली बरोबरची खूण 'बरोबर आहे' असं म्हणत नाही, 'उजवीकडे जे घडलं त्याला डावीकडचं नाव दे' असं म्हणते. शेवटचा अर्धविराम म्हणजे वाक्य संपलं. पुढचं वाक्य बघा:

पहिला.उघड(०.५);

इथला ठिपका पूर्णविराम नव्हे. माझ्या दृष्टीनं ते संबोधन आहे. 'पहिल्या, अर्धा मीटर उघड.' आधी हाक मारायची, मग काम सांगायचं, किती ते कंसात सांगायचं. आपल्या घरातही काम सांगण्याची हीच रीत आहे.

नावांचे काही नियम आहेत. नावाच्या मधे मोकळी जागा चालत नाही. सुरुवात अंकानं करता येत नाही. 'दरवाजा३३' चालेल, '३३दरवाजा' चालणार नाही. भाषेनं स्वतःसाठी राखून ठेवलेले 'क्लास', 'न्यू' असे शब्द आपल्याला नाव म्हणून घेता येत नाहीत. रोमन लिपीतलं मोठं अक्षर आणि लहान अक्षर यंत्राच्या लेखी वेगळं. आपल्या लिपीत मोठं-लहान नाही, म्हणून आपली मुलं इथे अडखळतात. त्यांनी ते ऱ्हस्व-दीर्घासारखं समजावं. 'दिन' आणि 'दीन' एक नव्हेत, तसंच हे. देवनागरीत नावं दिली तरी जावाची हरकत नसते. राखीव शब्द मात्र रोमनमध्येच लिहावे लागतात.

हे झाले नियम. याखेरीज काही रिती आहेत. क्लासला नाम द्यावं आणि त्याचं पहिलं अक्षर मोठं लिहावं. वस्तूचं नाव लहान अक्षरानं सुरू करावं. कामाला क्रियापद द्यावं. दोन शब्द जोडायचे तर दुसऱ्याचं पहिलं अक्षर मोठं करावं. उंटाच्या पाठीसारखं नाव मधेच उंच होतं, म्हणून या पद्धतीला उंटाचंच नाव मिळालं आहे. दरवाज्यांची एकूण संख्या कधी बदलत नाही. अशा न बदलणाऱ्या आकड्याचं नाव सगळं मोठ्या अक्षरांत लिहावं.

गंमत अशी की, या रिती न पाळल्या तरी प्रोग्रॅम चालतो. नियम मोडला तर यंत्र लगेच ओरडतं. रीत मोडली तर यंत्र गप्प बसतं आणि पुढचा माणूस फसतो. दरवाज्याला 'क', मापाला 'ख' अशी नावं दिली तर यंत्राचं काही बिघडत नाही. पण सहा महिन्यांनी ते वाचणाऱ्याला काय कळणार? आणि ते ०.५ म्हणजे अर्धा मीटर की अर्धा फूट? हा प्रश्न क्षुल्लक नाही. १९९९ च्या सप्टेंबरात नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोचून नष्ट झालं. एका प्रोग्रॅमनं आकडे पौंडांच्या मापात दिले होते, ते वापरताना न्यूटनच्या मापात धरले गेले. म्हणून नुसतं 'उंची' असं नाव देण्यापेक्षा 'उंचीमीटर' द्यावं. तीन अक्षरं जास्त पडतील, पडू द्यावीत.

नावांची ही रीत आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. खुर्द आणि बुद्रुक हे शब्द फारसीतून आले. खुर्द म्हणजे लहान, बुजुर्ग म्हणजे मोठा. एकाच नावाची दोन गावं शेजारी असली की सारा वसूल करणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून हे शेपूट लावलं. गोसीखुर्दच्या धरणाचं सरकारी नाव इंदिरा सागर. पण मध्य प्रदेशात नर्मदेवरही एक इंदिरा सागर आहे. म्हणजे इथे एका वस्तूला दोन नावं आणि दोन वस्तूंना एक नाव! जावात यावर उपाय आहे, त्याला पॅकेज म्हणतात. नावाच्या आधी पूर्ण पत्ता लावायचा: महाराष्ट्र.भंडारा.इंदिरासागर. मग गल्लत होत नाही.

हे सगळं शिकताना मला माझ्या थोरल्या बहिणीची आठवण होत होती. आम्ही त्यांना आपा म्हणतो. त्यांच्या सासरची जमीन धरणात गेली. जमिनीच्या कागदावर त्यांचं नाव 'फातिमाबी'. बँकेच्या पुस्तकात 'फातिमा बी', मधे जागा सोडून. रेशन कार्डावर 'फातेमा बेगम'. कोणी जसं ऐकलं तसं लिहिलं. आमच्याकडच्या बायकांच्या बाबतीत हे नेहमीचंच. मोबदल्याच्या कामासाठी एका कार्यालयात गेलो. संगणकावर बसलेल्या मुलानं तीन वेळा शोधलं आणि म्हणाला, "या नावाचं कोणी नाही." आपा त्याच्या समोर उभ्या होत्या. मग प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, खेटे. त्यात कित्येक महिने गेले. आपा एवढंच म्हणाल्या, "नाव माझं, आणि ते माझंच आहे हे पटवायचंही मीच."

हे मी भाचीला सांगितलं, तेव्हा ती थोडा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "मामू, आमच्या भाषेत एका ऑब्जेक्टला तीन नावं असली तरी ऑब्जेक्ट एकच राहतो. कुठल्याही नावानं हाक मारा, तोच ओ देतो. ज्यानं तो प्रोग्रॅम लिहिला त्यानं अक्षरं जुळवून बघितली, माणूस नाही बघितला." मला वाटतं, नवशिक्यानं पहिल्याच दिवशी हे वहीत लिहून ठेवावं. नाव हे वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असतं, ते म्हणजे वस्तू नव्हे. नाव नीट द्या, सगळीकडे एकसारखं लिहा. पण नुसत्या नावावरून माणूस आहे की नाही ते ठरवू नका. त्याच्यासाठी वेगळी, न बदलणारी ओळख ठेवा.

आपल्याकडे 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यात एका अनुस्वाराचं अंतर आहे. पहिल्या कामात कसूर झाली की दुसरं ऐकून घ्यावं लागतं. माझी भाची आता नाव ठेवण्याआधी थांबते. परवा तिनं आपांना विचारलं, "खालाजान, तुमचं नाव तुम्ही स्वतः कसं लिहिता?" इतक्या वर्षांत आपांना हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी पेन मागितलं आणि सावकाश, मोकळ्या अक्षरात लिहिलं: फातिमा.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)