पगारपत्रकातील दोनशे रुपये

(बुधवार पेठेतील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



आपल्यापैकी बहुतेक नोकरदारांच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. हा कर कशासाठी, हे सांगू शकणारे मात्र विरळाच. महाराष्ट्राने तो १९७५ साली लावला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावातल्या मजुराच्या कामाचा भार उचलावा, आणि जितकी रक्कम जमेल तितकीच शासनाने आपल्याकडून घालावी, अशी ती व्यवस्था होती.

अशा निर्णयाला नुसती कणव पुरत नाही; त्याला मोजमाप लागते. लकडी पूल ओलांडून डेक्कनवर गेले की गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. १९३० साली स्थापन झालेल्या या संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी १९३६-३७ साली पुणे शहरातील कुटुंबांची पाहणी करविली. दारोदार जाऊन उत्पन्न, व्यवसाय, घरभाडे विचारायचे! हे काम किती चिकाटीचे, ते आपल्यातल्या संपर्कासाठी हिंडणाऱ्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको.

याच परंपरेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील ग्रंथ १९७१ साली आला. माणसाला दिवसाला २२५० उष्मांकांचे अन्न मिळावे, एवढीच साधी कसोटी त्यांनी धरली. राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे तिला लावले, तेव्हा १९६०-६१ साली ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली आढळले. जमिनीच्या फेरवाटपाने एवढ्यांचे पोट भरणार नाही, सार्वजनिक कामांवर मजुरीच दिली पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष त्या काळी अनेकांना रुचला नाही.

तथापि सारे श्रेय विद्वानांना देणे अन्यायाचे ठरेल. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात असा प्रयोग हा ग्रंथ येण्यापूर्वीच करून पाहिला होता. त्यात १९७२ चा दुष्काळ आला. अनुभव, आकडे आणि आपत्ती एकत्र आली, तेव्हा कुठे शासन हलले. १९७७ साली कायदा संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी कामांवर जाऊन पाहिले, की येथे येणारे खरोखर गरीबच आहेत काय. बहुतांशी तेच होते. योजना चालू असताना ती तपासणारे असे अभ्यास आम्हा वृत्तपत्रवाल्यांच्या नजरेतून सहसा सुटतात. घोटाळा झाला की मात्र आम्ही हजर!

आता आजची स्थिती पाहा. २०२१ साली व्हावयाची जनगणना झाली नाही. पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्रासाठी ठरलेली सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा २०११ च्या लोकसंख्येवर बेतलेली आहे. त्यानंतर जन्मलेली मुले आणि वेगळी झालेली गरीब कुटुंबे रेशनच्या दुकानी जातात, तेव्हा त्यांच्यासाठी जागा मिळते ती कुणाचे तरी नाव वगळले तरच.